नर की मादी, हे झेब्रा माशात कसं ठरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, प्रयोगशाळेत नव्याने आलेले संशोधक आणि घरी फिश टँक ठेवणारे हौशी लोक यांच्याकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. घाई असेल तर प्रश्न ४ आणि ५ तेवढे चुकवू नका. बाकीचं बरंचसं त्यांवर उभं आहे.

१. झेब्रा मासा म्हणजे दुकानात मिळतो तोच ना?

तोच. दुकानदार त्याला झेब्रा डॅनिओ म्हणतात; शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर, डोक्याकडून शेपटीकडे जाणारे निळे आणि सोनेरी पट्टे, आणि क्षणभर एका जागी न थांबण्याची खोड. मूळचा आपल्याच उपखंडातला. भारत, बांगलादेश आणि नेपाळमधल्या संथ ओढ्यांत, पाणथळ जागी, भातखाचरांच्या कडेच्या उथळ पाण्यात तो राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं.

प्रयोगशाळेत मात्र तो अमेरिकेमार्गे आला. ओरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी त्याच्यावर काम उभं केलं आणि १९८१ च्या त्यांच्या शोधनिबंधानंतर हा मासा जगभर पसरला. आज मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयसर आणि आघारकर संशोधन संस्था इथेही तो पाळला जातो. दुकानातून प्रयोगशाळेत जाण्याच्या या प्रवासात त्याचं काहीतरी हरवलं. ते प्रश्न ८ मध्ये येईल.

२. माणसात एक्स-वाय असतं तसं यांच्यात नसतं का?

नसतं. झेब्रा माशाला गुणसूत्रांच्या पंचवीस जोड्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली नराचा आणि मादीचा संच शेजारी-शेजारी ठेवला तरी वेगळी दिसणारी जोडी सापडत नाही. सस्तन प्राण्यांत वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक वृषणाची सुरुवात करून देतं. ते जनुक माशांत नाहीच. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाणांत नर-मादीचा निर्णय अनेक जनुकांच्या मिळून होणाऱ्या परिणामावर आणि भोवतालच्या परिस्थितीवर अवलंबून असतो. त्यामुळे एकाच टाकीत वाढवलेल्या दोन जोड्यांच्या पिल्लांत प्रमाण अगदी वेगळं येऊ शकतं: एका जोडीची बहुतेक पिल्लं नर, दुसरीची बहुतेक मादी. जोडी तीच ठेवली तर साधारण तेच प्रमाण पुन्हा दिसतं. म्हणजे आनुवंशिकता आहे, फक्त ती एका बटणात नाही.

३. जननग्रंथी कशापासून आणि कधी बनते?

दोन वेगळ्या घराण्यांच्या पेशी एकत्र येऊन. एक, प्राथमिक जनन पेशी. पुढची अंडी किंवा शुक्रपेशी यांच्यापासून होतात. दोन, त्यांना वेढणाऱ्या कायिक पेशी. संप्रेरकं बनवणं, पोषण करणं, आधार देणं हे काम या दुसऱ्यांचं.

जनन पेशींची गोष्ट फार लवकर सुरू होते. आईने अंड्यात ठेवलेला एक खास पदार्थ असतो, त्याला जननद्रव्य म्हणतात. वासा, नॅनॉस३ अशा जनुकांचे आरएनए त्यात असतात. फलनानंतर पाऊण तासात अंड्याचे दोन भाग होतात, मग चार. या पहिल्या दोन विभाजनांच्या खाचांच्या टोकांशी जननद्रव्याचे चार गोळे जमतात. ज्या चार पेशींच्या वाट्याला ते जातात त्यांचा वंश पुढे जनन पेशी होतो. बाकीच्या पेशी त्वचा, स्नायू, मेंदू काय हवं ते होतील. यांचं भवितव्य पहिल्या काही तासांतच नक्की झालेलं असतं.

मग या पेशी चालू लागतात. वाटेतल्या ऊती सीएक्ससीएल१२ए नावाचं प्रथिन सोडतात आणि जनन पेशींच्या पृष्ठभागावरचा सीएक्ससीआर४बी हा ग्राही त्याचा माग काढतो. गर्भ पारदर्शक असल्यामुळे हे जिवंतपणी पाहता येतं: जनन पेशींना हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाची खूण केली की चार दिशांकडून आलेले ठिपके मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना गोळा होताना दिसतात. एका दिवसाच्या आत ते मुक्कामी पोहोचतात. संख्या तेव्हा काही डझन, त्यापेक्षा जास्त नाही. त्यांच्याभोवती कायिक पेशी जमतात आणि पोटाच्या पोकळीत, वाताशयाच्या (माशाच्या आतल्या हवेच्या पिशवीच्या) खाली, दोन बारीक दोऱ्यांसारखी जननग्रंथी तयार होऊ लागते. ती अजून नराचीही नसते आणि मादीचीही नसते.

४. "सगळे झेब्रा मासे आधी मादी असतात" हे खरं का?

अर्धं खरं, आणि पाठ्यपुस्तकांत जरा जास्तच ठामपणे लिहिलेलं. १९७७ साली ताकाहाशी या जपानी संशोधकाने दाखवलं की कोवळ्या वयात जवळजवळ सगळ्याच पिल्लांच्या जननग्रंथीत अंडपेशी दिसतात, मग ती पिल्लं पुढे नर होणार असोत वा मादी. या अवस्थेला बाल-अंडाशय म्हणतात. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून या अंडपेशी दिसायला लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाट फुटते. मादी होणाऱ्या पिल्लांत अंडपेशी वाढत राहतात. नर होणाऱ्यांत त्या मरतात आणि त्याच ग्रंथीची पुन्हा बांधणी होऊन वृषण तयार होतं. हे मरणं म्हणजे अपघाती नासधूस नसून पेशीने स्वतःच केलेला नियोजित शेवट असतो, हे २००२ मध्ये स्पष्ट झालं.

"सगळे मादी" म्हणणं चूक अशासाठी की या बाल-अंडपेशी परिपक्व होत नाहीत आणि ते पिल्लू अंडी देत नाही. शिवाय सगळ्या भावी नरांत त्या सारख्या प्रमाणात नसतात. काहींत भरपूर, काहींत अगदी नावापुरत्या. "ग्रंथी दोन्ही बाजूंना वळू शकते, आणि त्या काळात तिच्यात अंडपेशी असतात" एवढंच म्हणावं.

वयाबद्दल एक सूचना. एकाच दिवशी जन्मलेली पिल्लं महिनाभरात एकमेकांच्या दुप्पट लांबीची झालेली असतात. ज्याला खायला मिळालं ते पुढे गेलं. ग्रंथीची वाढ दिवसांपेक्षा अंगाच्या लांबीशी जास्त जुळते. नोंदीत दोन्ही लिहा. फक्त "२५ दिवस" लिहिलेला तक्ता माझ्या मते निम्मा निरुपयोगी असतो.

५. मग अंडपेशी टिकणार की मरणार, हे कोण ठरवतं?

या माशातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच आहे. इथे जनन पेशींना स्वतःचं मत असतं. उंदरात कायिक पेशी ठरवतात आणि जनन पेशी मागून जातात. जनन पेशी नसल्या तरी नर उंदराचं वृषण वृषणच राहतं. झेब्रा माशात मादी व्हायला आणि मादी राहायला अंडपेशी जिवंत असाव्या लागतात.

याचे पुरावे तीन बाजूंनी आले. पहिला: गर्भात जनन पेशी मुळातच बनू दिल्या नाहीत तर सगळे मासे नर होतात. वांझ, पण दिसायला नर आणि वागायलाही नर. दुसरा: जनन पेशी पूर्ण न काढता नुसत्या कमी केल्या, तरी पारडं नरांकडे झुकतं. तिसरा फॅन्कोनी रक्तक्षयाशी संबंधित एफएएनसीएल जनुकाचा. माणसात या गटातली जनुकं बिघडली की हा आजार होतो. माशात एफएएनसीएल बिघडवलं तर सगळे मासे नर निघतात, कारण डीएनए दुरुस्ती नीट न झालेल्या अंडपेशी पी५३ या प्रथिनाच्या हुकमाने मरतात. २०१० च्या या प्रयोगातली खरी गंमत पुढे आहे: त्याच माशांतलं पी५३ सुद्धा काढून टाकलं तर अंडपेशी वाचतात आणि माद्या पुन्हा दिसू लागतात. म्हणजे एफएएनसीएल काही "मादी करणारं जनुक" नव्हे. अंडपेशी जगल्या की मासा मादी होतो, मेल्या की नर.

अंडपेशी हे कसं साधतात? त्यांच्यातून निघणारा बीएमपी१५ हा संदेश आजूबाजूच्या कायिक पेशींना पोहोचतो. त्या पेशींत अॅरोमाटेझ नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते पुरुषी संप्रेरकाचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. इस्ट्रोजेन अंडपेशींना सांभाळतं, अंडपेशी अॅरोमाटेझ चालू ठेवतात. हे चक्र कुठेही तुटलं की वाट वृषणाकडे जाते.

६. नेमकी कोणती जनुकं कुठल्या बाजूची?

दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. मादीच्या बाजूने सीवायपी१९ए१ए, म्हणजे अंडाशयातलं अॅरोमाटेझ बनवणारं जनुक. ते निकामी केलं की सगळे मासे नर. नराच्या बाजूने डीएमआरटी१. ते निकामी केलं की बहुतेक मासे मादी, आणि जे थोडे नर होतात त्यांचं वृषण नीट वाढत नाही. डीएमआरटी१ च्या घराण्यातली जनुकं फळमाश्या, कोंबड्या, माणसं अशा दूरदूरच्या प्राण्यांत नराशी जोडलेली आढळतात, हे विशेष.

दोघांची रस्सीखेच चालते. एएमएच, एसओएक्स९ए, एफओएक्सएल२ ही बाकीची मंडळी दोर धरणारी. परीक्षेत एएमएच या संप्रेरकाबद्दल विचारलं तर एवढं लिहा: सस्तन प्राण्यांत त्याचा जो खास ग्राही असतो तो झेब्रा माशात नाही, तरीही एएमएच नसलेल्या माशांच्या जननग्रंथी बेसुमार फुगतात. म्हणजे संप्रेरकाने काम सोडलेलं नाही, दुसरा ग्राही वापरला आहे.

७. पूर्ण वाढलेली मादी नंतर नर होऊ शकते का?

निसर्गात, नेहमीच्या आयुष्यात, नाही. क्लाऊनफिशसारखं मोठेपणी लिंग बदलणं या माशात नसतं. पण प्रयोगात करता येतं. बीएमपी१५ नसलेल्या माद्या आधी माद्या म्हणूनच वाढतात, त्यांच्या अंडपेशी एका टप्प्यापुढे जात नाहीत, आणि मग त्या नर होतात. पिल्लांचे बापही होतात. नॅनॉस३ नसलेल्या माद्यांच्या अंडपेशी प्रौढपणी संपतात. त्याही नराकडे वळतात, पण जनन पेशीच उरत नसल्याने वांझ राहतात. प्रौढ माद्यांना अॅरोमाटेझ रोखणारं औषध अन्नातून महिनोन्महिने दिलं तरी अंडाशयाच्या जागी वृषण येतं आणि त्यात खऱ्या शुक्रपेशी तयार होतात. याचाच अर्थ मादीपण हे एकदाच घेतलेलं नाही, आयुष्यभर राखलेलं असतं.

८. रानटी झेब्रा माशांतही एकच ठराविक लिंग-गुणसूत्र नसतं का?

असतं! इथेच मघाशी म्हटलेलं हरवणं येतं. २०१४ मध्ये पश्चिम बंगालमधल्या नदिया आणि कूचबिहार इथून आलेल्या वाणांसह काही नैसर्गिक वाण तपासले गेले. त्यांत चौथ्या गुणसूत्राच्या टोकाशी लिंग ठरवणारा प्रदेश सापडला. पद्धत पक्ष्यांसारखी: दोन झेड असले तर नर, झेड-डब्ल्यू असली तर सहसा मादी. झेड-झेड मासा मादी झालेला दिसला नाही. झेड-डब्ल्यू मधले काही मात्र नर झाले. डब्ल्यू हा मादी होण्याची मुभा देतो, हमी देत नाही.

एबी आणि ट्युबिंगेन या जगभरातल्या सर्वाधिक वापरातल्या वाणांत हा प्रदेश काम करताना दिसत नाही. एबी वाणाचं मूळ ओरेगनमधल्या पाळीव माशांच्या दुकानांत आहे. घातक जनुकदोष काढून टाकण्यासाठी या वाणांवर फक्त आईच्या गुणसूत्रांतून पिल्लं काढण्यासारखे उपाय झाले, पिढ्यानपिढ्या मोजक्याच जोड्यांतून वंश चालला. त्यात लिंग ठरवणारा मूळचा पक्का संकेत गळाला असावा, असं तो शोध लावणाऱ्यांचं मत आहे. मला ते पटतं. म्हणूनच "झेब्रा माशाला लिंग-गुणसूत्र नाही" असं सरसकट लिहू नये. कुठला वाण ते आधी सांगावं.

९. माझ्या टाकीत सगळे नरच निघाले. काय चुकलं?

बहुतेक वेळा गर्दी, उपासमार किंवा गरम पाणी. प्रयोगशाळेत पाणी २८ ते २८.५ अंश सेल्सिअसला ठेवतात. पिल्लं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असताना ते ३५-३६ अंशांवर राहिलं तर नर वाढतात; आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या छपराखालच्या टाकीत ही पातळी सहज गाठली जाते. पाण्यात प्राणवायू कमी असणंही नरांच्या बाजूने जातं, आणि गरम पाण्यात तो आधीच कमी विरघळतो. दाटीवाटी आणि अपुरं खाणं यांचा परिणामही त्याच दिशेने होतो.

पहिले सहा आठवडे पिल्लं विरळ ठेवा, दिवसातून अनेकदा थोडं थोडं खायला द्या. सुरुवातीला रोटिफर किंवा पॅरामिशियम, मग आर्टेमियाची पिल्लं. तरीही नरच आले तर जोडी बदलून पाहा; कधी दोष आईबापांच्या वंशात असतो आणि कितीही निगा राखली तरी उपयोग होत नाही.

१०. सांडपाण्यातल्या संप्रेरकांनी मासे मादी होतात म्हणे?

होतात. गर्भनिरोधक गोळ्यांतलं एथिनिल इस्ट्राडिओल लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढं असलं तरी वाढत्या झेब्रा माशांचं प्रमाण माद्यांकडे जातं. उलट ट्रेनबोलोन, जो काही देशांत गुरांचं मांस वाढवायला वापरतात, तो नरांकडे नेतो. रसायनांच्या चाचणीसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये माशांच्या लैंगिक विकासाची प्रमाणित पद्धत ठरवली. अंड्यापासून सुमारे ६० दिवस मासे त्या रसायनात वाढवायचे, शेवटी नर-मादीचं प्रमाण आणि रक्तातलं व्हायटेलोजेनिन मोजायचं. व्हायटेलोजेनिन हे बलकाचं प्रथिन; नरात ते जास्त सापडलं की इस्ट्रोजेनची बाधा समजावी.

काचेच्या टाकीबाहेर काय होतं? कॅनडातल्या ओंटारिओमध्ये एका अख्ख्या प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ असं तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतलं हेच संप्रेरक सोडलं गेलं. तिथला फॅटहेड मिनो हा बोटभर मासा जवळजवळ नामशेष होण्याच्या वाटेला लागला. मात्रा लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅमच होती.

११. जिवंत माशात नर-मादी ओळखायची कशी?

तीन महिन्यांआधी खात्री धरू नका. त्यानंतर मासा जाळीतून उथळ बशीत घ्या आणि वरून नव्हे, बाजूने पाहा. नर सडपातळ, पट्ट्यांमधल्या जागेत आणि गुदपरात पिवळसर-सोनेरी झाक. मादी रुपेरी, पोट गोल, आणि गुदपराच्या पुढे बारीकसा उंचवटा. नराच्या छातीच्या परावरून सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत पुरळासारखे दाणे दिसतात; शंका असेल तेव्हा हीच खूण भरवशाची. नवशिके फसतात ते उपाशी मादीपाशी. पोट खपाटीला गेलेली मादी हुबेहूब नर वाटते. दोन दिवस चांगलं खाऊ घालून परत बघा.

१२. अंडाशयात आत काय दिसतं?

बाजारातली गाभोळी म्हणजे माशाचं अंडाशयच, पण तिच्यात बहुतेक अंडी एका आकाराची असतात. झेब्रा मादीचं पोट उघडलं तर सगळ्या वयांची अंडी एकत्र: काचेसारखी पारदर्शक बारीक, दुधाळ मध्यम, आणि बलकाने भरून अपारदर्शक झालेली मोठी. कारण ही मादी हंगामाची वाट न पाहता काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा अंडी घालते.

अंडपेशीच्या वाढीचे पाच टप्पे मानतात. पहिल्यात व्यास १४० मायक्रॉनपर्यंत. दुसऱ्यात ३४० पर्यंत, पेशीच्या कडेला पुटिका जमतात. तिसऱ्यात ६९० पर्यंत, यकृतातून आलेलं व्हायटेलोजेनिन साठतं. चौथ्यात केंद्रक कडेला सरकून विरतं. पाचव्यात साधारण ७५० मायक्रॉनचं, पुन्हा अर्धपारदर्शक झालेलं, घालायला तयार अंडं. शिवाय प्रौढ अंडाशयाच्या पृष्ठभागावर जनन मूलपेशी टिकून असतात, म्हणजे नवी अंडी आयुष्यभर बनू शकतात. बाईच्या अंडाशयाशी तुलना करताना हा फरक विसरू नका.

१३. आणि वृषणात?

पांढरट, लांबट, जोडीने. आत शुक्रजनक पेशी एकेकट्या न वाढता पुटींमध्ये एकत्र वाढतात; एका पुटीतल्या सगळ्या पेशी एकाच टप्प्यावर असतात आणि सर्टोली पेशी (आधार देणाऱ्या कायिक पेशी) त्यांना वेढून असतात. मुख्य पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन नसून ११-कीटोटेस्टोस्टेरॉन.

१४. मेडाका आणि गप्पीतही असंच असतं का?

नाही. जपानच्या भातशेतीतल्या मेडाका माशात एक्स-वाय पद्धत आहे आणि त्याच्या वाय वरचं डीएमवाय जनुक २००२ मध्ये सापडलं. सस्तन प्राण्यांबाहेर पृष्ठवंशी प्राण्यात सापडलेलं ते पहिलं लिंगनिश्चिती जनुक. तेही डीएमआरटी१ च्याच नकलेतून झालेलं. डासांच्या अळ्या खायला आपल्याकडे डबक्यांत सोडतात तो गप्पीही एक्स-वाय पद्धतीचाच, पण पिल्लं घालणारा. त्याचा हिशेब वेगळा.

१५. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जननग्रंथीचे छेद घ्यायचे आहेत. कुठून सुरुवात करू?

संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीच्या परवानगीपासून. नंतर वाण, टाकीतली संख्या, तापमान आणि प्रत्येक माशाची लांबी यांची वही.

पहिल्या महिन्यातल्या पिल्लाची ग्रंथी सोडवून काढण्याच्या फंदात पडू नका. ती चिमट्याला चिकटून फाटते. आख्खं पिल्लू बुआँच्या द्रावणात स्थिर करा, मेणात बसवा आणि आडवे, पाच मायक्रॉनचे छेद घ्या. वाताशय शोधा; त्याच्या खाली, आतड्याच्या वर, दोन्ही बाजूंना ग्रंथी दिसेल. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या रंगात कोवळी अंडपेशी ओळखणं सोपं आहे: जांभळट पेशीद्रव, मधोमध मोठं फिकं केंद्रक आणि केंद्रकाच्या कडेने लागलेले गडद ठिपके. असं काही न दिसता बारीक गडद केंद्रकांचे घट्ट पुंजके दिसले तर वृषण. दोन्ही एकाच छेदात दिसले तर काचपट्टी फेकू नका, तो मासा बदलाच्या ऐन मध्यावर सापडला आहे. आणि एका माशाचा एकच छेद बघून निकाल लिहू नका. ग्रंथीच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागातले छेद तपासा, कारण बदल सगळ्या लांबीभर एकाच वेळी होत नाही.